गिरजाबाई नाणी वेचत नाही

१७ ऑगस्ट, रविवार. वडसा

आज दादाजी नाकाड्यांच्या राइस मिलमध्ये, कोंड्याच्या पोत्यावर बसून, मी आयुष्यातला दुसरा पिक्चरचा गेम करायला हो म्हटलं. पहिल्याचं काय झालं ते इथे एकदाच लिहून टाकते, म्हणजे मन ते सारखं उकरत बसणार नाही.

पुण्यातल्या कंपनीत मी मोबाइलचे गेम बनवायचे. एका मोठ्या पिक्चरचा गेम आमच्याकडे आला. पिक्चर लागायला सहा आठवडे उरले होते. सहा आठवड्यांत काय होतं? हिरो रस्त्यावर पळतो, उड्या मारतो, सोन्याची नाणी वेचतो. हिरोचा चेहरा आधार कार्डावरच्या फोटोसारखा आला होता. पिक्चरमध्ये तो अपंग असतो आणि एकदाही पळत नाही, हे आम्हाला पिक्चर लागल्यावर कळलं. लोकांनी गेमखाली लिहिलं, "पिक्चर तीन वेळा पाहिला, गेम तीन मिनिटं." वर्षभरात कंपनी बंद पडली. मी वडशाला घरी परत आले आणि आठ महिने झाले, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते आहे.

आता हा दुसरा. पिक्चर आहे "वांदरं आले व माय!" झाडीपट्टीच्या नाटकांतल्या माणसांनी मिळून काढलेला. गिरजाबाई नावाची एकटी बाई, तिची तूर, तिच्या छपरावरचा वालाचा वेल, आणि रोज येणारा काळ्या तोंडाच्या वांदरांचा कळप. बस, एवढीच गोष्ट. पण वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी, कुरखेडा, खाली पोंभुर्ण्यापर्यंत लोकांनी मंडपात पडदा लावून पाहिला. गिरजाबाईचं काम रंभाबाईंनी केलं आहे, चाळीस वर्षं झाडीपट्टीच्या रंगमंचावर असलेल्या. पिक्चरला पैसे लावले दादाजीभाऊंनी, मिल आणि नाटक कंपनी दोन्ही त्यांचीच.

"दिवाळीनंतरच्या मंडईत पिक्चर पुन्हा लावून राह्यलो," दादाजीभाऊ म्हणाले. "त्याच दिवशी गेम पायजे. सगळ्या मोठ्या पिक्चरचे असते, आपलाबी असला पायजे."

मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा, तारीख ठरलेली. म्हणजे पुन्हा तेच. पिक्चरच्या गेमची जन्मतारीख आधी ठरते, जीव मागून शोधायचा. तरी मी हो म्हटलं. क्लासमध्ये रोज तेच तेच शिकवून मला गंज चढला आहे, हे खरं कारण. बाबांना सांगितलं तर ते "बरं" म्हणाले. बाबा रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रूळ बदलून देणारे. त्यांचा एक "बरं" म्हणजे नेमकं काय, हे आईलाही तीस वर्षांत उमगलेलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

ठरवलं. गिरजाबाई बांधावरून पळणार, वांदरं मागे लागणार, वाटेत नाणी. मला हे डोळे मिटून करता येतं. वेळेत होईल.

कोलू मडावी आला होता. पिक्चरचं साउंड त्याने केलं आहे. कुरखेड्याकडचा आहे, नाटक कंपन्यांची साउंड सिस्टीम सांभाळतो. वांदरांच्या आवाजाच्या फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन मोटरसायकलने आला, भर पावसात. मी म्हटलं, मोबाइलवर पाठवल्या असत्या तरी चाललं असतं. तर म्हणाला, "नेटवर्कचा भरोसा नाई, मॅडम." खरं आहे. त्याच्या गावाकडे असेल तसं.

७ सप्टेंबर, रविवार

गिरजाबाई पळायला लागली. उडी जरा जास्त उंच जाते, बाकी छान. कोलू पावलांचे आवाज घेऊन आला. चिखलातली पावलं, कोरड्या बांधावरची पावलं, तुरीतून जाणारी पावलं. तीन फाइली, त्यासाठी तीन वेळा आला. आई दर वेळी त्याला जेवल्याशिवाय सोडत नाही. आज तर तिने वडे तळले. एरवी मी मागून मागून थकते.

१४ सप्टेंबर, रविवार

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

रंभाबाईंना गेम दाखवायला घरी बोलावलं. एकसष्ट वर्षांच्या आहेत, ठेंगण्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. फोन दोन्ही हातांत आरती धरल्यासारखा धरला. मी शिकवलं तसं बोट फिरवलं. गिरजाबाई पळाली, नाणी वेचली, वांदरावरून उडी मारून गेली. दोन मिनिटांनी त्यांनी फोन हळूच चटईवर ठेवला.

"छान आहे पोरी. पण हे मी नाई."

"चेहरा सुधारायचा आहे अजून," मी म्हटलं.

"चेहऱ्याचं नाई म्हणत. ही बाई पैसे वेचून राह्यली. गिरजाबाईनं पैसे कवा वेचले? अन् ते वांदराले पाहून पळून काऊन राह्यली? अख्ख्या पिक्चरमधी ते एका जागी उभी आहे व. पळते कोण? वांदरं पळते!"

रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. कोलू तिथेच बसला होता, एक शब्द बोलला नाही. मला त्याचाच जास्त राग आला.

१५ सप्टेंबर, सोमवार

क्लासला गेले नाही. पुण्यात झालं ते माझ्यामुळेच झालं होतं की काय, असं दिवसभर वाटत राहिलं.

२० सप्टेंबर, शनिवार

कोलूचा फोन आला. कुरखेड्याला एका मंगल कार्यालयात दुपारी पिक्चरचा शो आहे, यायचं का. मी म्हटलं, पाहिला आहे. तर म्हणाला, "तुम्ही लॅपटॉपवर पाह्यला. पिक्चर पाहू नका, लोकाइले पाहा."

एसटीने गेले. पंख्याखालची जागा त्याने रुमाल टाकून धरून ठेवली होती.

शेवटी तो प्रसंग येतो. गिरजाबाई बांधावर उभी राहून ओरडते, "हुर्र हाऽऽट!" ओरडून ओरडून तिचा आवाज बसतो. वांदरं तुरीत घुसतात. ती तोंड उघडते पण आवाज निघत नाही. आणि मग पलीकडच्या शेतातून, जिच्याशी गिरजाबाईचं दहा वर्षं भांडण आहे ती बाई ओरडते. मग तिच्या पलीकडची. मग अख्खं शिवार.

हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की गिरजाबाईचा आवाज बसला तसे हॉलमधले लोक उभे राहिले. पडद्यावरची शेजारीण ओरडायच्या आत माझ्या पुढच्या रांगेतली म्हातारी ओरडली. मग पोरीबाळी, मास्तर, पंचायतीचा शिपाई, सगळे. खुर्च्या हलत होत्या. कोणी पळत नव्हतं, कोणी काही वेचत नव्हतं. सगळे एकच काम करत होते, ओरडत होते.

आणि मी चार आठवडे बोटाने खेळायचा गेम करत बसले होते!

बाहेर आल्यावर मी कोलूला म्हटलं, "फोनला माइक असतो."

तो इतका हसला की शेजारच्या पानठेल्यावरची माणसं बघायला लागली. "चार आठवडे झाले, मी वाट पाहून राह्यलो तुम्ही हे कवा म्हणता त्याची."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"गेम तुमचा आहे ना."

एवढं चांगलं मनात येऊन गप्प बसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पळणं काढून टाकलं. नाणी काढून टाकली. सगळं काढल्यावर उरली एक बाई, एक बांध, तूर, वेल आणि वांदरं. खेळणाऱ्याने फोनसमोर ओरडायचं. आवाज खणखणीत असेल तर वांदर पळतं. ओरडत राहिलं की गिरजाबाईचा दम कमी होतो. दम कधी राखायचा, कधी खर्च करायचा, हाच खेळ.

अडचण एकच. पंखा सुरू असला की वांदरं आपोआप पळून जातात.

२८ सप्टेंबर, रविवार

आजचा दिवस मी विसरणार नाही.

रंभाबाई आल्या. या वेळी मी काही शिकवलं नाही, फक्त म्हटलं, "वांदरं आली की नेहमीसारखं करा." पहिलं वांदर कुंपणावर बसलं. रंभाबाईंनी पदर खोचला आणि अशी हाक दिली, की आमच्या अंगणातली खरी मांजर भिंतीवरून खाली पडली. वांदर पळालं! रंभाबाईंनी फोन उलटा करून मागे पाहिलं, गेलं कुठी ते. मग दुसरं, मग पाच, मग कळप. चांगली दहा मिनिटं चाललं. मग त्यांना खोकला लागला. पावसाळ्यात त्यांचा घसा धरतो. पडद्यावर गिरजाबाईचा दम संपला, वांदरं तुरीत शिरली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई ओरडली, "हुर्र हाऽऽट!" तिच्या हातात लाटणं होतं. आणि वांदरं पळाली.

मी कपाळाला हात लावला. खेळणाऱ्याचा दम संपल्यावर गेमने आवाज घ्यायचाच नाही, असं मी लिहायला हवं होतं. विसरले होते. "चूक झाली," मी म्हटलं, "गेम दुसऱ्याचाही आवाज घेतो आहे. आज बदलते."

"बदलवू नको!" कोलू ताडकन उठला. पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलं, त्याच्या लक्षातही आलं नसेल. "संघप्रिया, चूक नाई हे. हाच तर पिक्चर आहे!"

रंभाबाई खोकता खोकता हसत होत्या, डोळ्यांतून पाणी. "भागीरथाबाई, या व बाहेर," त्या आईला म्हणाल्या. "तुमच्यानं माह्यी तूर वाचली."

मग आई लाटणं टाकून आली, मग बाबा आले. बाबांनी घसा साफ केला, इकडे तिकडे पाहिलं, आणि रेल्वेत तीस वर्षं गाड्यांना हाका मारलेल्या आवाजात एकदाच "हाट" म्हणाले. एका हाटमध्ये सगळा कळप गेला. आई म्हणाली, "घरात तोंड उघडत नाई अन् वांदराइशी बोलते."

३० सप्टेंबर, मंगळवार

दादाजीभाऊंना सांगायला मिलमध्ये गेले. जुना गेम पूर्ण झाला होता, त्यांनी चार लोकांना दाखवलाही होता, त्यांच्या नागपूरच्या जावयाला आवडला होता.

"लगन लागायच्या दिवशी नवरी बदलवून राह्यली तू!" ते म्हणाले. "आहे तो काय वाईट आहे? सगळेच पिक्चरचे गेम असे असते."

"म्हणूनच तर कोणी दुसऱ्यांदा खेळत नाही, भाऊ."

"मंडईच्या आत नाई झाला तं?"

"तर जुनाही देणार नाही. त्यावर रंभाबाईंचं नाव लागणार नाही." हे मी कशाच्या जोरावर बोलले कोण जाणे.

मी फोन पुढे केला. मिल घरघरत होती, माझ्या मनात आलं, आता या घरघरीत फोनला काही ऐकू जायचं नाही. भाऊंनी आधी हळू म्हटलं. वांदर हललं नाही. मग जरा मोठ्याने. मग त्यांचं डोकं फिरलं आणि ते खुर्चीवरून उठून ओरडले. मिल बंद पडली. म्हणजे मालक ओरडला म्हणून गड्यांनी बंद केली, काय अपघात झाला म्हणून सगळे धावत आले. पाहतात तर मालक फोनसमोर घामाघूम.

"गेलं!" दादाजीभाऊ सगळ्यांना सांगत होते. "सगळ्यात मोठं होतं, गेलं!"

पंचवीस दिवस आहेत.

२ ऑक्टोबर, गुरुवार

आई, बाबा आणि मी नागपूरला दीक्षाभूमीवर. दरवर्षी पुस्तकं घेते, यंदाही घेतली. रांगेत उभं असताना बाबा अचानक म्हणाले, "गाडी उशिरा आली तं लोक बोंबलते, मंग विसरते. चुकीच्या रुळावर गेली तं कोणी विसरत नाई. बरं केलं तू." एवढं लांब वाक्य! मी रडले, गर्दीत कोणाला कळलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पंख्याची भानगड कोलूने सोडवली. नंतर खऱ्या वांदरांसमोर तपासायचं म्हणून आम्ही त्याच्या गावी, त्याच्या शेताजवळ गेलो. गेममधल्या वांदराचा आवाज मोठा करून लावला. दोन मिनिटांत खरी सतरा वांदरं बांधावरच्या मोहाच्या झाडावर येऊन बसली आणि आमच्याकडे पाहायला लागली. एकाने खाली येऊन माझी डब्याची पिशवी नेली. मी आणि कोलू, दोघं मिळून खरं खरं ओरडलो. त्यांनी पिशवी सोडली नाही.

त्याची आई शेतावर आली होती. मला खूप निरखून पाहिलं, कुठे शिकले, घरी कोण कोण, सगळं विचारलं. गेमबद्दल मात्र काहीच विचारलं नाही. कदाचित तिला त्यातलं कळत नसेल.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

घात झाला. क्लासमधल्या बारा जणींच्या फोनवर गेम टाकला, सात फोनवर चालेना. पोरी ओरडून ओरडून लाल झाल्या, वांदरं ढिम्म. स्वस्त फोन सलग मोठ्या आवाजाला गोंगाट समजून दाबून टाकतात. आणि आपल्याकडे सगळ्यांकडे हेच फोन आहेत. आठ दिवस उरले.

पुण्यात अशा वेळी आम्ही "महागड्या फोनवर उत्तम चालेल" असं लिहून मोकळे व्हायचो.

१९ ऑक्टोबर, रविवार

कोलू दोन दिवस आमच्याच ओसरीवर बसून आहे, कानाला हेडफोन. आज दुपारी म्हणाला, "हुर्र लांब आहे, ते फोन खाते. पण हाट? हाट तं फटाक्यासारखा आहे. फोनले दाबायले टाइमच भेटत नाई."

बरोबर! मी हुर्र मोजणं सोडून फक्त हाट मोजला. बाराच्या बारा फोनवर चालला. मी आनंदाने त्याचा हात धरून गदागदा हलवला. तो लाजून पाणी प्यायला गेला ते पंधरा मिनिटं आलाच नाही. उन्हाचा त्रास झाला असावा.

२५ ऑक्टोबर, शनिवार

मंडई झाली. गावात पाय ठेवायला जागा नव्हती. जिलेबीच्या कढया, बांगड्यांची दुकानं, पलीकडे शंकरपटात धावणाऱ्या बैलांची धूळ. दुपारी दोनला नाटकाच्या मंडपात गेम मोठ्या पडद्यावर लावला आणि रंभाबाई हातात फोन घेऊन रंगमंचावर उभ्या राहिल्या. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

पहिली दहा मिनिटं त्यांनी एकटीने राखण केली. प्रत्येक वांदर पळालं की मंडप टाळ्या वाजवायचा. मी पडद्याच्या कडेला लॅपटॉप धरून उभी होते. मग कळप आला आणि रंभाबाईंचा आवाज बसला. पडद्यावर दम संपला. वांदरं तुरीकडे सरकायला लागली, आणि मंडपात कोणीच ओरडलं नाही.

मला समजेना. कुरखेड्याला तर लोक आपोआप उठले होते. मग लक्षात आलं, लोकांना वाटत होतं, गेम आहे, फोन तिच्या हातात आहे, आपण कसं ओरडायचं? पिक्चरमध्ये ओरडता येतं, गेममध्ये खेळणाराच खेळतो. या गेममध्ये दुसऱ्याचा आवाजही चालतो, हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं. तुरीची पहिली रांग गेली. दुसरी गेली. दादाजीभाऊ माझ्याकडे बघायला लागले.

मी लॅपटॉप खाली ठेवला, रंगमंचावर गेले आणि ओरडले. मी शाळेत असल्यापासून कधी चारचौघांत मोठ्याने बोललेली नाही. पहिला हाट चिरका निघाला. दुसरा बरा निघाला. एक वांदर पळालं.

"अवो, आपलाबी आवाज चालते म्हणते!" शेंगा विकणारी एक बाई टोपली डोक्यावर ठेवूनच ओरडली. आणि मग मंडप फुटला. बाया, बापे, बांगड्यांच्या दुकानातल्या, जिलेबीवाला, शंकरपटातून धावत आलेले. माझ्यासमोर तीन हजार तोंडं होती आणि सगळी एकच शब्द म्हणत होती. रंभाबाईंनी फोन दोन्ही हातांनी वर धरला होता, लोकांकडे, आणि त्या रडत होत्या की हसत होत्या ते सांगता येत नाही. वांदरं गेली. तूर वाचली. लोक म्हणाले, पुन्हा लावा. पाच वेळा लावला. पिक्चर सुरू व्हायला दीड तास उशीर झाला आणि कोणी तक्रार केली नाही.

नंतर एक आजोबा आले, म्हणाले, वांदराची शेपटी चालताना वर पायजे, तुमची खाली आहे. लिहून घेतलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज घरात कोणालाही आवाज नाही. आई, बाबा, मी, सगळ्यांचे घसे बसले आहेत. दुपारी कोलू आला, त्याचाही तसाच. आईने खुणेने पाट मांडले. चौघं जण खाणाखुणा करत जेवलो, मीठ मागायलासुद्धा बोट दाखवायचं. बाबांना हसू आवरेना, पण त्यालाही आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते.

जेवण झाल्यावर कोलूने माझ्या वहीचं पान मागितलं आणि लिहिलं, "पुढच्या रविवारी आईबाबांना तुमच्या घरी घेऊन येऊ का?"

मी खाली लिहिलं, "आणा ना. दोघांच्या फोनवर गेम टाकून देते."

त्याने ते वाचलं. आईनेही वाकून वाचलं आणि कपाळ बडवून घेतलं. बाबा उठून बाहेर गेले, खांदे पुन्हा हलत होते.

कोलूने पान परत ओढलं आणि आणखी एक ओळ लिहिली. ती ओळ मी इथे उतरवणार नाही. पान माझ्याजवळ आहे. मी ते दोनदा वाचलं, आणि ऑगस्टपासूनची प्रत्येक फेरी माझ्या डोळ्यांसमोरून गेली.

उत्तर लिहायला पेन घेतलं होतं, पण तेवढा धीर कुठला. माझं उत्तर एका शब्दाचं होतं, आणि घसा बसलेला असूनही ते बाहेर अंगणात बाबांना ऐकू गेलं.